घरच्या माणसाची परीक्षा

नागपूरच्या सदर भागात चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे आणि मालक मधुसूदन सर म्हणजे हट्टी माणूस. सगळं जग जावा शिकत असताना यांनी एर्लांग नावाची प्रोग्रामिंगची भाषा धरली. ती येणारा नागपुरात दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. म्हणून सर कोरी माणसं घेतात, तीन महिने स्वतः शिकवतात आणि शेवटी परीक्षा घेतात ती घरच्यांची! "घरी समजावता आलं, तर याला कळलं," असं त्यांचं म्हणणं. माझ्या बायकोने "हे टायपिंग करतात" एवढंच सांगितलं आणि मी आणखी महिनाभर शिकत बसलो. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नरखेडकडची मिनल हुशार, पण भारी भिडस्त. आठ ठिकाणी मुलाखतीतच अडखळून नोकरी घालवलेली. गावी जाऊन आठवडाभर तिने वडिलांना, म्हणजे नानाजींना, रोज समजावलं आणि शनिवारी त्यांना एसटीने घेऊन आली. नियमाप्रमाणे तिने गप्प बसायचं होतं. नानाजी पास झाले तर तिची नोकरी पक्की.

"नानाजी, काय शिकली पोरगी?" सरांनी विचारलं.

नानाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब, साऱ्या संत्र्याच्या बगीच्याले एकच मोठा पंप लावला अन् तो बिघडला, तं सारंच वाळून जाते. हिच्या भाषेत लहान लहान पंप राहतेत. एक बंद पडला तरी बाकीचे चालू. अन् एक राखणदार राहते, तो बंद पडलेल्याले पुन्हा चालू करते."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण सर कुठले सोडतात!

"अन् राखणदारच झोपला तर?"

हे मिनलने सांगितलेलंच नव्हतं. तिचा चेहरा उतरला. मला सरांचा असा संताप आला म्हणता!

नानाजींनी मांडीवरची टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मंग त्याच्यावर दुसरा कोणी ठेवला असन नं, साहेब? नाही तं भाषा बनवणाराच बावळट म्हणा लागन."

सर खुर्चीतून उठलेच. "बरोब्बर! मिनल, सोमवारपासून तू पक्की. अन् नानाजी, तुम्ही कधी येता?"

आम्ही सगळे हसलो. मिनलला मात्र रडू आवरेना.

"काहून रडून राहिली वं?" नानाजी घाबरले. "चुकलं का माह्यं काही?"

"नाही बाबा. मले वाटे, मी घरी सांगे तवा तुमी नुसती मान हलवून राहिले."

"मान तं हलवलीच," नानाजी म्हणाले. "पण ऐकून राहिलो होतो नं."