घंटा वाजवणारी माणसं

जिंतूरच्या कॉलेजात मल्हार सरांचा एक धडा फार गाजलेला होता. विषय युरोपातलं अठराव्या शतकातलं प्रबोधन. एरवी बाकावर डोकं टेकणारी पोरंसुद्धा त्या तासाला ताठ बसायची, कारण सर सुरुवातच विजेपासून करायचे.

"तिकडं आभाळ गडगडलं की चर्चची घंटा बडवायचे. आवाजानं वीज पळते असा समज. आणि वीज पडायची कुठं? गावात सगळ्यात उंच चर्चचा मनोरा, तिथंच. दोरी धरून उभा असलेलाच मरायचा. तरी घंटा चालूच!" मग अठराव्या शतकात छपरावर लोखंडी सळई लावायची युक्ती निघाली आणि वीज गुमान जमिनीत उतरायला लागली. तरी काही लोक सळई लावणाऱ्यावरच चिडले, देवाच्या कोपात ढवळाढवळ करतो म्हणून. पोरं खो खो हसायची. हसू ओसरलं की सर म्हणायचे, "त्या शतकानं युरोपाला 'का' विचारायची खोड लावली. राजाला विचारा, धर्मगुरूला विचारा. चेटकीण म्हणून बाया जाळणं बंद पडलं. कॉफीच्या दुकानात बसून लोक राज्यकारभारावर वाद घालायला लागले. न कळणं हा काही गुन्हा नाही रे. कळत असून धाकानं गप्प बसणं, तो गुन्हा."

बोलायला काय जातं! पण सरांचं खूप काही गेलं होतं, ते पोरांना ठाऊक नव्हतं.

त्यांचं गाव येलदरीच्या अलीकडं, घर मेंढरं राखणारं. सर नुकते एम.ए. होऊन आले होते, तेव्हा त्यांच्या वडिलांना, ग्यानबाला, साप चावला. गावाची रीत अशी की साप चावलेल्याला मारुतीच्या देवळात बसवायचं, घंटा वाजवत राहायची आणि कडुनिंबाचा पाला चारायचा. पाला गोड लागला तर अंगात विष आहे, कडू लागला तर उतरलं. मल्हारनं भांडण करून बापाला देवळातून उठवलं, मोटारसायकलवर बसवलं आणि जिंतूरचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेत ग्यानबानं त्याच्या पाठीवर मान टाकली. उशीर झाला तो देवळातल्या भांडणात, पण बोल लागला मल्हारला. आई नर्मदाबाई तर आल्यागेल्याला त्याच्या देखत सांगायची, "देवळात बसू दिलं असतं तर माझं मानूस आज असतं."

असं वर्षानुवर्षं ऐकून कुणाचंही काळीज चेपतं. सरांचंही चेपलं. वर्गात वाघ आणि गावात मुका, असा हा माणूस झाला.

मागच्या भाद्रपदात सर सुट्टीला गावी होते. थोरला भाऊ सटवाजी मेंढरं घेऊन लांब रानात होता, त्याचा फोन लागेना. आणि दुपारी सटवाजीच्या बायकोला, दैवशालाला, गवत कापताना साप चावला. सरांनी धावत जाऊन बालाजीचा टेम्पो आणला. देवळापाशी पोचले तर वहिनी ओट्यावर बसलेली, घंटा चालू, बाया पाला चारताहेत.

नर्मदाबाईनं वाट अडवली. "एकाला नेलास. आता हिलाबी न्यायलास व्हय?"

सगळं देऊळ सरांकडं बघायला लागलं.

"कडू लागायलाय," दैवशाला म्हणाली, तशा बायांनी मारुतीला हात जोडले. कडुनिंब कडू लागायचा नाही तर काय गोड लागणार? तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. विष चढत चाललंय, हा याचा अर्थ त्या गर्दीत एकट्या मल्हार सरांना कळत होता.

तिनं कष्टानं मान वर केली. "भावजी, तुमी शिकलेलं मानूस. तुमी म्हनाल तसं. जाऊ का दवाखान्यात?"

एक 'हो' म्हणायचं होतं. टेम्पो दारात चालू उभा होता. पण सरांच्या पाठीवर बापाची मान पुन्हा टेकली, आणि ही वाटेत गेली तर गाव काय म्हणेल, या धास्तीनं त्यांचं मन भरून गेलं.

"आई म्हणते तसं करू, वयनी," ते म्हणाले.

बालाजीनं टेम्पो बंद केला. दिवेलागणीच्या आत दैवशाला गेली.

दहावा झाल्यावर सर कॉलेजात परतले. तो धडा आला तेव्हा पोरं विजेच्या गोष्टीसाठी सरसावून बसली. "सर, घंटेचं सांगा ना," शिवकन्या नावाच्या मुलीनं पहिल्या बाकावरून म्हटलं. सरांनी पुस्तक मिटलं, धडा घरी वाचायला सांगितला आणि तास संपेपर्यंत ते खिडकीशी उभे राहिले. दैवशालाची 'भावजी' ही हाक त्यांच्या कानातून जात नव्हती.

रविवारी ते गावी गेले. नर्मदाबाई उंबऱ्यात बसली होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच ते ऐकवेना.

"आमी अडानी, मल्हार. आमाला काय कळतंय? तुला तर कळत हुतं. मी अडवलं म्हनून काय झालं, ढकलून न्यायचं हुतंस मला. तू का न्हाई बोललास?"