छातीला चोळायचं स्वस्त तेल

भावांनो, दवाखान्याच्या बाकावरून लिहितोय.

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन आत नेता येत नाही. मी महाचिकट, म्हणून घरात स्मार्टफोन एकच. दिवसभर तो बायकोकडेच असतो.

आज शिफ्टवरून येऊन खरेदीचं ॲप उघडलं, तर नुसतं छातीला चोळायचं तेल आणि शेकायच्या पिशव्या. सगळं शंभराच्या आत.

"हे कोण शोधतंय गं?"

"मीच. महिना झाला, जिना चढले की छातीत दुखतं. डॉक्टर कशाला उगाच?"

'कशाला उगाच' हे माझंच वाक्य, राव. स्वस्तातलं आधी बघायचं, हेही मीच तिला शिकवलं.

आत तिचा ईसीजी चाललाय. तुमच्या घरातलं माणूस काय शोधतंय, एकदा बघा.

थांबा, नर्स म्हणतेय, डॉक्टरांना तिच्याआधी माझ्याशी एकट्याशीच बोलायचंय.