दुसऱ्याच्या चेहऱ्याची नोकरी

ती घटना आजही आठवते, ती एका बाईच्या हसण्यामुळे.

मुरबाडला नेमणूक असतानाची गोष्ट. जवळच्या म्हसा गावाची जत्रा भरली होती आणि पोलीस ठाण्यातले निम्मे लोक बंदोबस्तावर होते. दुपारी म्हसा रस्त्यावर, बैल उतरवण्यासाठी वळणावर उभ्या केलेल्या टेम्पोवर मागून एक मोटारसायकल आदळली. चालक जागीच गेला. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. पाठीवर पार्सलची मोठी पिशवी, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, गाडीही त्याच नावावर. पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. बीट हवालदार निरोप घेऊन ओळखपत्रावरच्या गावी गेला. घरी बायको होती.

एक गोष्ट जुळत नव्हती. पिशवीतली सगळी पार्सले सरळगावकडची, म्हणजे दुसऱ्याच रस्त्यावरची होती. मग हा म्हशाच्या रस्त्याला का आला?

थोड्याच वेळात जत्रेतल्या एका चहावाल्याचा फोन आला. तो आमचा जुना खबरी.

"साहेब, तुमचा मेलेला मानूस बैलबाजारात फिरतोय. त्याच्या गावची गिऱ्हाईकं इथं बसून हळहळतायत, आनि हा समोरून गेला."

दोन शिपाई पाठवून त्याला आणले. भातशेती करणारा, साधा, तिशीतला माणूस. माझा पहिला संशय विम्याचा. दुसऱ्याला मारून स्वतःला मेलेला दाखवायचे, असा प्रकार ऐकून होतो. ओळखपत्र तुझे, गाडी तुझी, मग गाडीवर कोण होते? तो जमिनीकडे बघत राहिला. पाणी दिले, प्यायला नाही. आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिले. उपयोग झाला नाही.

एवढ्यात मृतदेह बघायला दवाखान्याकडे निघालेली त्याची बायको आधी ठाण्यात पोचली. बाकावर बसलेला नवरा तिला दिसला. क्षणभर ती दारातच थांबली, मग धावत येऊन त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारू लागली.

"मेल्या, कुठं व्हतास रे? माजा जीव गेला ना इकडं!" डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती.

ठाणे अंमलदारही हसला. "वहिनी, आता दावं लावून ठेवा याला. बैलबाजारातून सुटून आलाय."

"लावतेच," ती म्हणाली. "याचा काय भरवसा नाय."

सगळे हसत होते, तो सोडून. मेलेला नवरा परत मिळालेल्या बाईकडे तो मान वर करून बघत नव्हता. मी काही विचारणार तोच तिनेच विचारले.

"मग गाडीवर कोण व्हता?"

तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. तिचे हसू तसेच चेहऱ्यावर राहिले, फक्त हसण्याचा आवाज थांबला.

"आज तुजी पाळी व्हती ना? सकाळी तूच गाडी घेऊन गेलास ना?"

मग तो बोलला, माझ्याशी नव्हे, तिच्याशी. "बैल बघायचे व्हते गो. मी त्याला बोललो, आजच्याला तू जा."

गाडीवर तिचा धाकटा भाऊ होता.

जबाबात बाकीचे आले. भाऊ खर्डीकडच्या पाड्यावरचा. पूर्वी कंपनीच्या ॲपवर त्याची स्वतःची आयडी, म्हणजे नोंदणी होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले म्हणून त्याने पार्सले परत आणली, गिऱ्हाइकांच्या तक्रारी गेल्या आणि आयडी बंद झाली. दाद मागायला ना कचेरी ना माणूस, फोनवर नुसता ठरलेला मजकूर येई. मग बहिणीच्या नवऱ्याच्या नावाच्या एकाच आयडीवर दोघे आळीपाळीने काम करू लागले. पण फोन मधूनच कामावरच्या माणसाचा फोटो मागत असे. ठराविक वेळात तोंड दाखवले नाही, तर काम बंद. त्या दुपारी फोनने चेहरा मागितला आणि ज्याचा चेहरा होता तो म्हशाला.

"त्याचा फोन आला, तोंड मागतोय, येतो मी म्हणून," तो सांगत होता. "मी देवळापाशी उभा राहिलो. मग लोक बोलले, वळनावर गाडी ठोकली. गेलो तं लांबून आपली गाडी वळखली. पुढं पाय नाय उचलले, साहेब. तिला काय सांगू?"

टेम्पोवाल्यावर गुन्हा दाखल झाला. कंपनीचे उत्तर आले की मृत व्यक्तीचा आमच्याशी संबंध नाही, आणि आयडी दुसऱ्याला दिल्यामुळे तीही बंद करण्यात आली आहे. अपघाताचा विमा आयडीवाल्याचा, आणि तो तर जिवंत. मेलेल्या भावाच्या बायकोला काही मिळाले नाही. मी कंपनीला एक-दोनदा लिहून पाहिले, पण माझे अधिकार अपघातापुरते होते.

नोकरीत मी अनेकांना खोट्या नावाने वावरताना पकडले. त्यांना काही लुबाडायचे असे. या दोघांना फक्त पार्सले पोचवायची होती. गप्प बसलेला प्रत्येक माणूस पोलिसाला घाबरून गप्प नसतो, हेही मी त्या दिवशी शिकलो.

काही आठवड्यांनी गाडी सोडवायला त्याची बहीण एकटीच आली. सही करण्याआधी तिने विचारले, "साहेब, तुमच्या कागदात तरी त्याचा नाव हाय ना?"

मी पंचनाम्याला जोडलेले ओळख पटल्याचे पान काढून दिले. तिने ते सावकाश वाचले. भावाचे पूर्ण नाव, वडिलांचे, गावाचे. व्यवसायाच्या रकान्यात मी 'पार्सल पोचवणे' असे लिहिले होते. तिथे तिचे बोट बराच वेळ थांबले.

"हां," ती म्हणाली. "हाच काम करत व्हता तो."