घरावरचं तुळशीपत्र

अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत प्रल्हाद टिपणिसांइतका हुशार माणूस दुसरा नव्हता, असं खुद्द प्रल्हाद टिपणिसांचं मत होतं. कुठलं दुकान वापरलेली वस्तू किती दिवसांपर्यंत परत घेतं, हे त्यांना तोंडपाठ. कॅम्पिंगला जाताना नवा तंबू आणायचा, त्यात मजेत झोपायचं आणि सोमवारी 'झिप नीट लागत नाही' म्हणून परत करायचा, हा त्यांचा दर उन्हाळ्याचा शिरस्ता. बायको, रत्नाबाई, अशा वेळी गाडीतच बसून राहायच्या. "मी नाही बाई त्या काउंटरवर येणार," म्हणायच्या. नवरा आला की मात्र "घेतला का?" असं हळूच विचारायच्या.

याच रत्नाबाईंना एक दिवस पॅरालिसिसचा हलका झटका आला. त्या सावरल्या, पण प्रल्हादरावांची हुशारी घाबरली. उद्या हिला नर्सिंग होममध्ये ठेवायची पाळी आली तर? तिथलं बिल ऐकून धडधाकट माणसानं अंथरूण धरावं. म्हातारपणाचा सरकारी विमा, मेडिकेअर, असं कायमचं राहण्याचा खर्च भरत नाही. भरते ती गरिबांसाठीची सरकारी योजना, मेडिकेड, आणि तेही ज्याच्यापाशी फारसं काही उरलेलं नाही त्याचंच.

मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, नंदू साठ्यानं यावर तोडगा दिला. नंदूला जगातल्या प्रत्येक विषयातलं अर्धं ठाऊक असतं.

"काका, सिंपल आहे. नावावर काही ठेवूच नका. घर मुलाला देऊन टाका, मग सरकार बसतंय बिल भरत!"

उरलेलं अर्धं काय, हे प्रल्हादरावांनी विचारलं नाही. पुढे मठ्ठा संपत आला होता.

त्याच वर्षी त्यांची पंचाहत्तरी होती. घर नुसतं वकिलाकडे जाऊन मुलाच्या नावावर केलं असतं तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते. त्यापेक्षा पंचाहत्तरीच्या शांतीतच दान करून टाकावं, म्हणजे पुण्यही दिसेल आणि कामही होईल. आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणारे आणि शनिवार-रविवार सोवळ्यात असणारे गुरुजी आले. त्यांनी घराच्या कागदांवर तुळशीपत्र ठेवलं, प्रल्हादरावांकडून उदक सोडवलं आणि 'न मम' म्हणायला लावलं.

मुलगा अनीश शिकागोत जन्मलेला. त्यानं अर्थ विचारला. "पाणी सोडलं की ती वस्तू आपली राहत नाही. मनातूनही परत मागायची नसते," गुरुजी म्हणाले. अनीशचे डोळे भरून आले. जमलेल्या बायकांनी पदर आणि टिश्यू दोन्ही डोळ्यांना लावले. 'कलियुगात असा बाप नाही' असं चारचौघांत बोललं गेलं, आणि प्रल्हादरावांनी मान खाली घालून ते सगळं ऐकून घेतलं. फक्त रत्नाबाईंनी त्यांच्या दंडाला एक सणसणीत चिमटा काढला.

पुढच्याच आठवड्यात दोघांच्या सह्यांनी घर कायद्यानंही अनीशच्या नावावर झालं; राहत मात्र ते दोघं तिथेच होते. दोन वर्षांनी दुसरा झटका आला, आणि हा हलका नव्हता. रत्नाबाईंची उजवी बाजू गेली. त्यांना उठवायला दोन माणसं लागू लागली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की घरी जमणार नाही. जवळच्याच एका चांगल्या नर्सिंग होममध्ये जागा होती. प्रल्हादराव जवळजवळ ऐटीतच सिया राजेकडे गेले. सिया ही त्यांच्या जुन्या मित्राची वकील मुलगी.

सियानं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "काका, घर दिलंत? का पण?"

"का म्हणजे? नावावर असतं तर सरकारनं मोजलं असतं ना!"

"नसतं मोजलं. बायको नर्सिंग होममध्ये आणि नवरा त्या घरात राहतोय, तर ते घर सोडून देतात. तुमचं सेव्हिंगही लिमिटमध्ये बसतंय. पण तुम्ही पाच वर्षांच्या आत घर फुकट दिलंत, ते मात्र मोजतात. त्याच्या किमतीत नर्सिंग होमचे जितके महिने बसतील, तितके महिने मेडिकेड एक पैसा देणार नाही."

"म्हणजे मी गप्प बसलो असतो तर..."

"तर काहीच प्रॉब्लेम नव्हता."

उपाय एकच होता. अनीशनं घर पूर्णच्या पूर्ण परत द्यायचं, म्हणजे दिलंच नव्हतं असं धरतात. प्रल्हादराव हॉस्पिटलमध्ये रत्नाबाईंच्या खोलीत आले. अनीश तिथेच होता. खरं कारण सांगायचं तर खरी भानगड सांगावी लागणार, म्हणून त्यांनी आडून सुरुवात केली. घराचा टॅक्स भरायची सवय सुटत नाही, म्हणाले. हिरवळ दुसऱ्याच्या मालकीची वाटते, म्हणाले.

"नो वे, बाबा," अनीश म्हणाला. "यू गेव्ह इट विथ वॉटर! मी माझ्या मुलांना सांगतो ती गोष्ट. आईचा खर्च मी बघेन, लोन काढेन. पण तुमचा एवढा मोठा त्याग मी कॅन्सल नाही करणार."

स्वतःच्या महात्मेपणाचा असा गळफास बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. रत्नाबाईंना एकेक शब्द ओढून आणावा लागत होता.

"त्याग... कसला... लपवलं होतं... घर."

अनीशनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बाबा, हा पण तंबूच का?"

आणि तो हसत सुटला. रत्नाबाईंचा अर्धा चेहरा हसला, तेवढाच त्यांना हसवता येत होता. प्रल्हादराव मात्र हसले नाहीत. ते बायकोच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "तुझ्यासाठी केलं गं. तुझी आबाळ होऊ नये म्हणून."

"माहीत... होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर... बोलले नाही."

अनीशनं घर परत दिलं. गुरुजींनी फोनवर 'मुलाकडून बापानं घ्यायला हरकत नाही' असा निर्वाळा दिला. कागदांवर सह्या करायच्या दिवशी सिया म्हणाली, "काका, घर तुमच्या एकट्याच्या नावावर करतेय. काकूंचं नाव आता नको, नाहीतर पुढेमागे मेडिकेड त्यांच्या हिश्शातून खर्च वसूल करू शकतं."

"आमची दोघांची नावं असतात गं. पहिल्यापासून."

"पण काकू आता तिकडे राहणार ना? आणि तुम्ही घरात राहताय म्हणूनच तर ते सुटतंय."

प्रल्हादरावांनी मान डोलावली, पेन उचललं आणि नुसतंच हातात धरून ठेवलं. मेडिकेड मिळणार, घर राहणार, सगळं मनासारखं झालं होतं. एवढी सगळी खटपट आपण बायकोला घराबाहेर ठेवता यावं म्हणून करत होतो, हे त्यांच्या आता ध्यानात आलं, आणि तो हुशार माणूस मित्राच्या मुलीसमोर हमसून हमसून रडला.