रोमन घरातली पळी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही साउथहॅम्प्टनला होतो. आमचे हे हॉस्पिटलमध्ये, मुलं शाळेत आणि मी जाईन तिथे 'डॉक्टरांची मिसेस'. त्यामुळे जवळच्या एका खेड्यात शेताखाली रोमन घर सापडलंय, खोदायला हौशी माणसं हवीत, अशी लायब्ररीत चिकटवलेली सूचना वाचून मी घरी न विचारताच नाव देऊन टाकलं. पुण्यात कधी कुंडीतली माती उकरली नाहीस, असं हे म्हणाले. म्हणेनात का!

मला नुसतं वेड लागलं होतं. गव्हाखाली कुणाचं तरी अख्खं घर, न्हाणीघरासकट! फरशीखालून गरम हवा खेळवायची सोयसुद्धा होती. आमच्या भाड्याच्या घरात हीटर लावला तरी पाय गारच. पहिले चार दिवस मी उगाचच हसत होते.

मला तंबूत टूथब्रशने खापऱ्या घासायला बसवलं होतं. घासण्यात माझा हात कोण धरणार? पाचव्या दिवशी ट्रेमधून एक हिरवीगार पळी आली, थेट देवघरातल्यासारखी. धातूच्या वस्तूंना हात लावायचा नाही, एवढं एकच मला बजावलं होतं आणि नेमकं तेच मी विसरले. डब्यात काकडीबरोबर लिंबाची फोड आणि मीठ होतं. हात आपोआप चालले. पळीच्या पोटावर अंगठ्याएवढी जागा लखलखली, तशी मी ती मिरवत खोदकामाच्या प्रमुखांकडे धावले.

ते म्हातारे गृहस्थ पांढरेफटक पडले. तो हिरवा थरच पळीला जपत होता आणि घासलेलं आता परत येणार नाही, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. अख्ख्या इंग्लंडात मला माझ्या नावाने हाक मारणारी माणसं फक्त त्या शेतात होती.

"मला घरी पाठवू नका," मी म्हणाले. "माती वाहीन."

त्यांनी पळी बराच वेळ उजेडात फिरवली. "तंबूत पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले. "ती ढकलगाडी घ्या."

उरलेला उन्हाळा मी चिखलात माखून, गाणी म्हणत गाडी ढकलली. चूक केली, कबूल आहे. पण पळीच्या त्या लखलखीत तुकड्यात मला माझं नाक दिसलं होतं. माझ्याआधी तिथे नाक पाहिलं असेल ते त्या घरच्या बाईनेच.