अंबूबाईंची रिकामी खोली

महाळुंग्याच्या अंबूबाईंचं तोंड फटकळ आहे, हे त्यांच्या खोल्यांत राहणाऱ्या आम्हा सगळ्या भाडेकरूंना ठाऊक आहे. नळ उघडा राहिला की त्या आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पण यंदा त्या जशा भडकल्या, तशा कधी भडकल्या नव्हत्या. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

माझ्या शेजारच्या खोलीत बिधान मंडल राहायचा, बायको आणि शाळकरी मुलीसह. तो गडचिरोलीचा. आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आले, तेव्हा सरकारनेच त्यांना तिथे जमीन देऊन वसवलं. बिधान मराठी शाळेत शिकला, आईशी फोनवर मात्र बंगालीतच बोलायचा. त्याला इथे आणलं अंबूबाईंच्या पुतण्याने, धनेशने. धनेश कंपन्यांना कामगार पुरवतो. गणपतीला आम्ही सगळे गावी पळतो आणि मशिनी बंद पडतात, म्हणून त्याला गणपतीत न जाणारी माणसं हवी होती.

मग टीव्हीवर रोज घुसखोरांवर चर्चा झडू लागल्या. मारुतीच्या देवळात बैठक बसली आणि बंगाली बोलणाऱ्यांच्या खोल्या रिकाम्या करायचं ठरलं. सीमेवर पहारा हवाच, त्याला कोण नाही म्हणतंय? पण फोनवरची भाषा ऐकून माणसाचा देश ठरवणारे हे कोण लागून गेले? आणि बैठकीत सगळ्यात मोठा आवाज धनेशचाच. निवडणुकीला उभं राहायचंय ना त्याला.

संध्याकाळी तो बिधानच्या दारात आला. म्हणाला, "खोली सोड भावा, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न हाय. दुसरीकडं बघ कुठंतरी. पण सकाळी शिफ्टला ये."

अंबूबाई ओट्यावरून कडाडल्या, "हितं झोपला तर देशाला धोका, अन् तुझ्या मशिनीवर राबला तर न्हाई व्हय रं? खोली माझी हाय. त्यो कुठं जायचा न्हाई."

पण बिधानच थांबला नाही. वर्गातली पोरं मुलीला बांगलादेशी म्हणून चिडवायला लागली होती. "आजी, मी सोसेन. तिने का सोसायचं?" एवढंच बोलून त्याने सामान बांधलं आणि गडचिरोलीची वाट धरली. अंबूबाईंनी खोलीला कुलूप घातलं, दुसरा भाडेकरू घेतला नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी गावी जायला बॅग भरत होतो. धनेश अंगणात फोनवर फोन लावत होता, कामाला कोणी मिळेना. शेवटी ओट्याशी येऊन म्हणाला, "काकू, बिधानचा नवा नंबर हाय का?"

अंबूबाई नारळ खवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तूच बस मशिनीवर. तू तर हितलाच हाईस."