सात हात दोरी

"तळ दिसून राहिला का?" हा चाचांचा दिवसातला पहिला प्रश्न. लातूरच्या आमच्या पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकाला ते गुडघे टेकून बसायचे आणि सुतळीच्या शिंक्यात ठेवलेली पांढरी बशी हळूहळू पाण्यात सोडायचे. सात हात दोरी सुटली की बशी तळाला टेकायची. तिच्या मधोमध एक निळं फूल होतं. वरून ते फूल दिसलं तर फाटक उघडायचं. नाही दिसलं तर कलेक्टरसाहेब आले तरी बाहेरच उभे.

मी तिथला व्यवस्थापक होतो आणि चाचा पंपघर सांभाळायचे. वाळूच्या फिल्टरचा आवाज ऐकूनच तो तुंबलाय का हे ते सांगत. मग पाणी उलटं सोडून वाळू धुवायची, तुरटी टाकायची, गाळ बसेपर्यंत थांबायचं, असा सगळा खटाटोप. बाहेर पोहणारे कावले की म्हणत, "घाई करून पाणी निवळत न्हाई, साहेब."

एवढं करून त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं! मी चिडवलं की म्हणायचे, "पाणी साफ करणं माझं काम. त्यात पडणं तुमचं." त्यांचा तो प्रश्न पाण्यापुरता नव्हताच. माझ्या बहिणीला मुदखेडचं स्थळ आलं तेव्हाही त्यांनी विचारलं, "घर चांगलं हाय. पण माणसाचा तळ दिसून राहिला का?" तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला सगळं जग आपल्याच कामातून दिसतं.

बशी त्यांच्या मुलीची, नसीमची. लग्नात तिला कपबशांचा संच दिला होता. त्यातला एक कप फुटला आणि उरलेली बशी तिनं माहेरी आणून दिली. "अब्बा, पाण्यात सोडायला घ्या, टिकली तर टिकली." ती सासरी किल्लारीकडच्या एका खेड्यात राहायची.

भूकंपाची बातमी आली त्या सकाळी मी चाचांबरोबर त्या खेड्यात गेलो होतो. गाव कुठं होतं हेच कळत नव्हतं. नुसते दगड, माती आणि धूळ. एका ढिगाऱ्याखालून नसीमची हाक येत होती. चाचा या टोकाला उकरायचे, हाक त्या टोकाची वाटायची. "कुठं हायेस गं? दिसून न्हाई राहिली!" असं ओरडत ते हातांनी माती उपसत होते. दुपारनंतर हाक थांबली. ती सापडली दुसऱ्या दिवशी, आम्ही उकरत होतो तिथून चार हातांवर.

आठवड्यानं चाचा कामावर आले. तलाव हिरवा पडला होता आणि पोहायला कुणी येणारही नव्हतं. तरी त्यांनी दहा दिवस खपून पाणी काचेसारखं केलं, बशी सोडली आणि फुलाकडे बघत बसून राहिले.

पुढं लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. नांदेड, कंधार, कुठकुठची पोरं खोल्या करून राहू लागली. परीक्षा संपली की घोळक्यानं तलावावर यायची. "आधी नळाखाली! डोक्याचं तेल धुवा!" म्हणून चाचा खेकसायचे, आणि लगेच विचारायचे, "गाव कोणतं? जेवलास का?"

एका नावाजलेल्या शिकवणीच्या सरांनी माझ्याकडे शब्द टाकला, उद्या सकाळी आमची पोरं पोहायला येतील. माझ्या मुलाला त्यांच्याकडे प्रवेश हवा होता. मी हो म्हणालो. सकाळी पाहतो तर पाणी गढूळ. वाळू धुवायची तर दुपार झाली असती, आणि पोरं फाटकाशी आली होती.

मी काय केलं ते सांगतो. चाचा पंपघरात असताना मी दोरीची गुंडाळी करून कठड्यामागं गाठ मारली आणि बशी चारच हात खाली सोडली. मग हाक मारली, "चाचा, फूल दिसतंय!" चाचा आले, वाकले. फूल दिसत होतं. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी फाटक उघडलं.

अर्ध्या तासात पोरं ओरडू लागली, एकजण कमी आहे. पोहणं शिकवणाऱ्या आमच्या माणसानं बुडी मारली, पण खाली त्याला काही दिसेना. चाचा काठावर गुडघ्यांवर बसून पाण्यात हात घालत होते. "कुठं हाय? दिसून न्हाई राहिला!" तोच आवाज, तीच हाक. तिसऱ्या बुडीला पोरगा हाताला लागला. पाणी ओकला, रडला. वाचला.

गर्दी ओसरल्यावर चाचा बशी ओढू लागले. एक हात, दोन हात, तीन, आणि चौथ्याला बशी वर आली. ते थांबले. कठड्यामागं हात घालून त्यांनी गाठ चाचपली आणि सोडवली. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही तर त्या ढिगाऱ्यापाशी होता, साहेब," एवढंच म्हणाले. बशी रुमालात गुंडाळली आणि गेले. पुन्हा कामावर आले नाहीत.

आता चाचा नाहीत. तलावही बुजवला, त्यावर अभ्यासिका उभी आहे. माझा मुलगा त्या सरांकडे शिकून डॉक्टर झाला.

शेवटची भेट सांगायची राहिली. महिनाभर टाळून एकदा मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ओट्यावर बसवलं, चहा मागवला आणि स्वतःच्या हातानं त्या बशीत ओतून दिला. काठोकाठ चहा, फूल दिसत नव्हतं.

"सावकाश प्या," म्हणाले, "तळ दिसेपर्यंत."

मी प्यालो. फूल दिसलं. चाचांनी वाकून बशीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वाट पाहत राहिले. मी माफी मागायलाच गेलो होतो.

"चहा छान झालाय," मी म्हणालो, आणि उठलो.